उसनी बाटली

३ मार्च
नवीन थेर! व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात आज काचेची बरणी आली. लघवी स्वच्छ निघाली, म्हणजे तीत कोकेन सापडलं नाही, की बरणीतून चिठ्ठी काढायची. एखादीत साबण, एखादीत टॉवेल, बाकी सगळ्यांत नुसतं "शाब्बास!" समुपदेशक म्हणतो, "मॅडम, यामागे शास्त्र आहे."

हेरॉइन सोडायला मेथाडोन तरी आहे. रोज सकाळी खिडकीशी उभं राहायचं, नर्सच्या देखत गिळायचं. कोकेनचं काय? डॉक्टरांनी हात वर केले. "त्यावर औषध नाही." म्हणून बरणी! केस पांढरे झाले आणि मी पुन्हा बालवाडीत.

६ मार्च
स्वच्छ. चिठ्ठी — "शाब्बास!" नर्सने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, स्वतःसाठी.

११ मार्च
लेकीचा फोन. महिनाअखेरीला बाळंत होईल. "आई, ये. पण नीट होऊन ये."

तिच्या गावी जायला रात्रभराचा प्रवास. मेथाडोन चुकलं की माझी हाडं ठणकायला लागतात. म्हणजे आठवड्याभराच्या बाटल्या घरी न्यायला मिळाल्या, तरच जाणं. आणि त्या कधी? पंचवीस तारखेपर्यंत लघवीत कोकेन सापडलं नाही तर. आता बरणीला हसायचीही चोरी.

१४ मार्च
साबण लागला! गुलाबी. चक्क आनंद झाला. मग लाज वाटली. मग वास घेतला आणि पुन्हा आनंद झाला.

१९ मार्च
धाकट्या बहिणीकडे जेवायला. मुख्याध्यापिका ना ती, घरात चपलासुद्धा रांगेत! पहिल्या घासापासून प्रवचन: "ताई, मनावर घेतलं की सगळं जमतं." स्वतः मात्र दोन घास खाऊन उठली. परीक्षेची कामं, रात्र रात्र जागते म्हणे. शाळेत घालायचे कपडे माझ्याकडे दिलेत, मापात घ्यायला. सगळीकडून दोन-दोन बोटं! शिवणयंत्रावर माझं आयुष्य गेलं, इतकं एका हंगामात कुणाचं आत घेतलं नव्हतं. कर्तव्याने वाळतात माणसं.

२२ मार्च
काल माती खाल्ली. जुनी मैत्रीण, तिचं बाथरूम, कोकेनची एकच ओढ. एकच! आम्ही सगळे असंच म्हणतो.

परवा तपासणी.

२३ मार्च
धाकटीकडे गेले. म्हटलं, माझ्या लेकीसाठी एवढं कर, तुझी लघवी बाटलीभर दे. काय शोधतात, तेही सांगितलं.

ती पांढरीफटक पडली. "माझी नको, ताई. दुसऱ्या कुणाची बघ."

"तुझ्याइतकं स्वच्छ आपल्यात आहे कोण?" — मी.

 मग आत गेली आणि बाटली आणून हातात ठेवली. झाकण घट्ट. प्रवचन नाही, काही नाही. नवलच! असो. मुख्याध्यापिकेच्या लघवीलाही शिस्त असणार. माझं काम झालं.

२४ मार्च
बाटली काखेत धरून गरम ठेवली, पडद्यामागे कपात ओतली. नर्स म्हणाली, "आज खुशीत दिसता!" लेकीला फोन करून टाकला — येते गं!

२५ मार्च
डॉक्टरांनी आत बोलावलं. "यात मेथाडोन नाही. अजिबात नाही."

अरे देवा! रोज यांच्याच खिडकीशी, यांच्याच डोळ्यांदेखत गिळते, आणि माझ्या लघवीत ते दिसायलाच हवं, हे माझ्या डोक्यात आलं नाही! अक्कल गहाण टाकली होती की काय? समुपदेशक माझ्यापेक्षा रडवेला. मला हसूच फुटणार होतं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "कोकेन मात्र आहे. भरपूर. कुणाची आहे ही?"

"माझीच," म्हटलं.   दुसरं काय म्हणणार होते?

बाटल्या गेल्या. लेकीला काय सांगू? फोन उचलायला हात धजत नाही.

२६ मार्च
धाकटीचे कपडे द्यायला गेले, भांडायचं ठरवून. दार उघडता उघडताच म्हणाली, "कळलं?"

"अगं, काय शोधतात ते सांगितलं होतं ना मी तुला!"

"म्हणून तर दिली, ताई. तोंडाने सांगवत नव्हतं."