साहेबरावच्या गळ्यातला हार

मुकुंदवाडी, औरंगाबाद
जुलै १९९९

चिरंजीव साहेबराव यास वच्छलाकाकूचे अनेक आशीर्वाद. 'चिरंजीव' लिहावं की 'श्रीयुत', यावर आज सकाळी घरात वाद झाला. तुझ्या आप्पांचं म्हणणं, पोरगं आता सरकारचं आहे, बंदूक बाळगतं, त्याला श्रीयुतच लिहिलं पाहिजे. तुझी आई चुलीपुढून म्हणाली, "चिरंजीवच लिहा. मोठ्या अक्षरात लिहा." तसंच मोठ्या अक्षरात लिहिलंय.

तुझी तब्येत कशी आहे? तिकडं भर उन्हाळ्यातही बर्फ असतो म्हणे, तेव्हा कानाला बांधत जा. इकडं सगळी खुशाल आहेत. म्हैस दुधावर आहे, तुझे काका चितेगावच्या कंपनीत पाळ्या करतायत, आणि माझ्या बालवाडीतली पोरं तुझ्या नावानं परेड करतात. (तुम्हा जवानांची पत्रं वाटेत फोडून वाचतात असं ऐकलं. वाचणाऱ्या साहेबांनाही माझा नमस्कार. यात फौजेचं गुपित काही नाही, आमची फजिती तेवढी आहे.) ही फजिती तुला कळवायची नाही असं सगळ्यांनी मला बजावलंय. पण तुझी साळूआत्या तिच्या पद्धतीनं ती कळवीलच, आणि तिची पद्धत तुला ठाऊक आहे. त्यापेक्षा माझ्याकडून सरळ कळलेली बरी.

तू भरती झालास तेव्हापासून आप्पांचा रुबाब काय सांगावा. भाजीवालीनं मेथीचा भाव सांगितला की आप्पा आपलं पोरगं मिलिटरीत असल्याचं सांगत. भाव काही उतरत नसे, पण जुडी निवडून मिळायची. बसमध्ये कंडक्टरला सांगत, दाढी करताना न्हाव्याला सांगत, आणि न्हाव्याला आधीच माहीत असलं तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सांगत. मग कारगिलचं सुरू झालं आणि हे सगळं एकाएकी बंद पडलं. कोणी आपण होऊन 'साहेबराव कुठं असतो हल्ली?' विचारलं तर 'तिकडंच' म्हणायचे आणि चप्पल शोधायला लागायचे. चप्पल पायातच असायची.

त्याच सुमाराला आपला टीव्ही बिघडला. दिवसभर चित्र स्वच्छ, आणि संध्याकाळच्या बातम्या लागल्या की नुसत्या मुंग्या. मिस्त्री येऊन उघडून पाहून गेला, त्याला काही दोष सापडेना. तुझी आई बिचारी 'विरजण आणते' म्हणून शेजारी सरूबाईकडं जायची आणि बऱ्याच वेळानं रिकामी वाटी घेऊन परत यायची. मी एकदा माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया काढायला गेले, तर आप्पा अँटेनाच्या दांड्याला धरून उभे. मला पाहून म्हणाले, कावळे लई बसायला लागले यावर. (मी त्यांच्यासमोर पदर पुढं ओढूनच बोलते, त्यामुळं माझं हसू दिसलं नसावं. आणि ते हसू फार वेळ टिकलंही नाही.) तुझ्या आईच्या कानावर वाईट काही पडू नये म्हणून आप्पा अँटेना फिरवून खाली मुंग्या आणत होते, आणि त्यांना कळू नये म्हणून ती सरूबाईकडं उभ्यानं सगळ्या बातम्या ऐकून येत होती. दोघांचं जेवण मात्र सारखंच कमी झालं होतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या वॉर्डातले सांडूभाऊ, ज्यांना पुढच्या वेळी नगरसेवक व्हायचंय, त्यांनी तुझा गौरव करायचं ठरवलं. स्टेशनजवळच्या चौकात तुझा मोठा बोर्ड लावायचा. काम दिलं कडूबा पेंटरला. माणूस चांगला, हात चांगला, पण त्याच्याकडं गेली कित्येक वर्षं बोर्ड येतात ते फक्त मयतांचे. त्यानं तुझा चेहरा हुबेहूब काढला, मग सवयीनं त्याभोवती झेंडूचा हार काढला, सवयीनं खाली समई काढली, आणि वर लिहिलं, 'वीर जवान साहेबराव यास कोटी कोटी प्रणाम.' शब्दांत तशी चूक काही नाही. पण तो हार आणि ती समई पाहून ते शब्द कोणीही एकाच पद्धतीनं वाचील.

आणि ते पहिल्यांदा वाचलं तुझ्या साळूआत्यानं. ती लासूर स्टेशनहून गाडीनं आली होती, पोतंभर शेंगा घेऊन. शेंगा फलाटाबाहेरच टाकल्या आणि तिथूनच तिनं जो हंबरडा फोडला तो घरापर्यंत. वाटेत तिला बाया मिळत गेल्या. त्यांतल्या निम्म्यांना काय झालंय ते माहीत नव्हतं, पण रडणारी बाई एकटी कशी सोडायची. आम्ही घरात जोंधळे निवडत बसलो होतो. एवढी मंडळी रडत अंगणात आलेली पाहून तुझ्या आईला वाटलं, लासूरला आत्याच्याच घरी काही वाईट झालं. ती धावत गेली आणि आत्याला मिठी मारून म्हणाली, "कसं झालं हो वन्सं?" आत्या म्हणाली, "तूच सांग गं बाई, कसं झालं?" तुझी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "देवापुढं कोणाचं चालतंय. सावरा स्वतःला." असं बराच वेळ दोघी एकमेकींची समजूत घालत होत्या, आणि मी आतून पाण्याचा तांब्या आणून कोणाला द्यावा या विचारात उभी होते. शेवटी आत्या म्हणाली, "माझा साहेबराव गं."

तुझ्या आईचा हात तिच्या पाठीवर होता तिथंच राहिला.

साहेबराव, त्यानंतरचं नीट आठवत नाही. आप्पा ओट्यावर होते, ते उठले नाहीत, नुसते खाली सरकत जमिनीवर बसले. 'कोणी सांगितलं, कोणी सांगितलं' असं मीच विचारत होते. आत्या म्हणाली चौकात बोर्ड लागलाय. मी तशीच अनवाणी चौकात पळाले. तर कडूबा अजून शिडीवर, समईची ज्योत पिवळी करत बसलेला. मी खालून ओरडून विचारलं, हे कोणी सांगितलं तुला? तो ब्रश थांबवून शांतपणे म्हणाला, "सांडूभाऊंनी. सत्कार हाय ना आपल्या साहेबरावचा. का वो काकू, चेहरा जमला नाय का?" मला हसावं की त्याची शिडी ओढावी ते समजेना. मी तिथंच, रिक्षांच्या मधोमध, खाली बसले आणि रडले. तो घाबरून उतरला आणि म्हणाला, नाक पुन्हा काढतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा कोणी नाचलं वगैरे नाही. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून शेजारणींनी तेवढ्यात पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. तुझ्या आईनं ती टोपली उचलली, सगळी म्हशीपुढं नेऊन घातली, आणि भर दुपारी चूल पेटवली. ओलं लाकूड मुद्दाम घातलं. म्हणाली, "धूर दिसला पाहिजे सगळ्या गल्लीला." डोळ्यांतून पाणी येईस्तोवर आम्ही त्या धुरात पुरणाच्या पोळ्या लाटल्या आणि आलेल्या सगळ्या बायांना खाऊ घातल्या. आत्यानं रडत रडतच पोटभर खाल्ल्या. (कडूबानं दुसऱ्या दिवशी समई पुसली. हार मात्र पुसता पुसेना, म्हणून त्यानं त्याचा मफलर केला. म्हणाला, तिकडं थंडी असतीच. आता तू चौकात झेंडूच्या रंगाचा मफलर गुंडाळून उभा आहेस.)

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आप्पांच्या मनात किडा शिरला, की सांडूभाऊंचं वर मुंबईपर्यंत येणंजाणं, त्यांना काहीतरी कळलं असणार, आणि आता ते सारवासारव करतायत. कोणाचं ऐकेनात. बस पकडून छावणीत गेले आणि मिलिटरीच्या फाटकाशी उभे राहिले. तिथल्या एका म्हाताऱ्या सुभेदारानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि धीर देण्यासाठी म्हणाला, "ऐसा कुछ होता तो बोर्ड से पता नहीं चलता चाचा. वर्दीवाला आदमी खुद घर आता है." आप्पा खुशीत परत आले आणि हे वाक्य त्यांनी आम्हाला दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. त्या भल्या माणसानं भीती घालवायला म्हणून भीतीला कपडे चढवून दिले होते.

तेव्हापासून गल्लीत पोस्टमन आला तरी घरातली कामं थांबतात. रेल्वेचा टीसी ड्यूटी संपवून आपल्या दारावरून जातो, तो जाईपर्यंत तुझी आई पोळी तव्यावर जाळते. (मिलिटरीची वर्दी हिरवी असते हे मलाही माहीत आहे. पण भीतीला कुठं रंग कळतो?)

आणि मग गेल्या आठवड्यात खरोखरच एक वर्दीतला माणूस आपल्या फाटकाशी येऊन थांबला. डोक्यावर टोपी, पायात बूट, हातात चिठ्ठी घेऊन नंबर पाहतोय. आप्पांनी त्याला ओट्यावरून पाहिलं, उठले, आणि मागं गोठ्यात जाऊन झाडलेला गोठा पुन्हा झाडू लागले. तुझी आई पीठ मळत होती. तिनं हात धुतले, पुसले, डोक्यावर पदर घेतला, आणि चालत फाटकापर्यंत गेली. इतकी सावकाश चालत गेली, की मला वाटलं ती पोचूच नये.

"कोणाचं घर पाहिजे?"

तो म्हणाला, मी चितेगावच्या कंपनीत वॉचमन आहे. तुमच्या दिरांनी निरोप दिलाय, आज डबल ड्यूटी आहे, घरी येणार नाहीत.

"एवढंच?"

"एवढंच बाई."

तिनं त्याला आत बोलावून बसवलं, चहा केला, त्यात साखर इतकी घातली की त्याला घोट गिळवेना, आणि पुन्हा विचारलं, "नक्की एवढंच ना?" तो बिचारा आठवून आठवून म्हणाला, डबा रिकामाच राहिलाय असंही म्हणत होते. तो गेल्यावर आप्पा मागून आले. तुझ्या आईनं त्यांच्याकडं न पाहताच सांगितलं, "पुन्हा कोणी आलं तर गोठ्यात जाऊ नका. माझ्याजवळ उभे राहा. मला एकटीला ऐकायचं नाही." आता खाकी दिसली की आप्पा ओट्यावरून उठतात, आत जातात, तिला घेऊन येतात आणि दोघं फाटकाशी शेजारी शेजारी उभी राहतात. पोस्टमन म्हणतो, काकू, मला लाज वाटते, झेंडावंदनाला उभं राहावं तशी उभी राहतात दोघं, आणि मी आणलेलं असतं विजेचं बिल. अँटेना आप्पांनी आपल्या हातानं सरळ केलाय. बातम्या दोघं एकाच खाटेवर बसून पाहतात. घाबरतात तेवढीच, पण आता एका जागी.

अंगाला जप. मोठ्यांचं ऐक. घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझी,
वच्छलाकाकू

ता. क. आप्पा समोर बसलेत. 'बाप खंबीर आहे' असं लिहायला सांगतायत. लिहिलं.

पुन्हा ता. क. ते आता उठून गेले, म्हणून खरं काम लिहिते. तुझी पत्रं येतात त्यात 'मी मजेत आहे, जेवण उत्तम आहे, काळजी नसावी' एवढंच असतं. तुझ्या आईचा त्यावर काडीचा विश्वास नाही. ती म्हणते, ज्या पोरानं जन्मात माझ्या एका भाजीला चांगलं म्हटलं नाही, तो जेवण उत्तम लिहितो म्हणजे त्याच्या हातून कोणीतरी लिहवून घेतंय. तेव्हा पुढच्या पत्रात काहीतरी कुरकुर कर. वरण पातळ असतं म्हण, बूट चावतो म्हण, शेजारचा घोरतो म्हण. ते वाचून ती दोन घास जास्त खाईल. (वाचणाऱ्या साहेबांना हात जोडून विनंती, त्याची तक्रार खोडू नका.) आणि तक्रार करण्यासारखं खरंच काही नसेल तर खोटी लिही बाबा. पण लवकर लिही.