पनागरच्या गिरणीचं मीटर

आई, परवा जेवताना डाळ कच्ची लागली आणि तू आठवलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की वयाने मी आता तुझ्यापेक्षा मोठी आहे, तरी डाळ बिघडली की आधी तुझ्याच चेहऱ्याकडे पाहायला मान वर होते. काही सांगायचं होतं. बोलून दाखवलं असतं, पण घरात धड मराठी ऐकणारं आता कोण आहे? तुझा नातू समजतो सगळं, उत्तर मात्र हिंदीत देतो. म्हणून लिहून राहिली.

मंडळाच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर आठव. बाबा वीज मंडळात लाइन इन्स्पेक्टर, आणि कर्मचाऱ्यांना वीज जवळजवळ फुकट, म्हणून घरोघरी स्वयंपाक हीटरवर. सकाळी लावलेला हीटर कोणी बंद करायचं नाही. सारखं बंद-चालू केलं तर कॉइल तुटते, अन् वीज काय, घरचीच. वरण उतरवून झालं तरी हीटर आपला लाल होऊन बसलेला. अशा कॉलनीत तू प्रदर्शनातून सोलर कुकर घेऊन आलीस. एक पेटी, आत काळे डबे, वर काच आणि झाकणाला आरसा. सकाळी गच्चीवर उन्हाकडे तोंड करून ठेवायचीस आणि आम्ही शाळेतून यायच्या आत डाळ-भात तयार. शेजारच्या काकू येऊन काचेला बोट लावायच्या, चटका बसला की हसायच्या. तू तर विहारात गेलीस तरी बायकांना त्या डाळीचंच सांगत बसायचीस.

पण आरशाची तिरीप पडायची नेमकी समोर मोठ्या साहेबांच्या व्हरांड्यात. एक दिवस त्यांनी बाबांना थांबवून विचारलं, "क्यों भाई, आपके घर में हमारी बिजली से परहेज़ है क्या?" साहेब हसून बोलले असतील, नसतील, बाबांनी मात्र हाय खाल्ली. घरी येऊन म्हणाले, "ते डबडं खाली आण. ज्यांचं खातो त्यांच्याच डोळ्यात काहून चमकवून राहिली?" तू म्हणालीस, "ऊन काय साहेबांनी लावलं का?" आणि पेटी जागची हलली नाही. त्यानंतर डाळ शिजेनाशी झाली. रोज कच्ची. तू डाळ बदललीस, काच पुसलीस, दुकानदाराला शिव्या दिल्यास. बाबा ती टचटचीत डाळ मुकाट्याने खायचे, वाढू का म्हटलं की "दे ना" म्हणायचे, आणि मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. एका सकाळी तू कपडे वाळत घालायला लवकर वर गेलीस तर बाबा ड्यूटीचे बूट घालून, पेटीला दोन्ही हातांनी धरून तिची पाठ उन्हाकडे करून राहिले होते. रोज करायचे. साहेबांकडे चमक जाऊ नये म्हणून. आरशाचीच सावली डाळीवर.

तू बाबांवर रागावशील म्हणून तुझ्या मागून आलेली मी जिन्यात लपून उभी आहे. तू नुसती पाहतेस. मग म्हणतेस, "अहो, उन्हाकडे पाठ करून डाळ शिजते का? आणि शिजत नाही हे माहीत असून खाता काहून?" बाबा म्हणतात, "तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून." तू पेटी पुन्हा वळवलीस आणि कठड्यावर गोधडी वाळत घातलीस, ऊन अडणार नाही पण साहेबांचा व्हरांडा झाकला जाईल अशी. बाबांचं पुढे काहीही झालं नाही. क्वार्टर राहिलं, नोकरी राहिली. सगळी भीती फुकट गेली. नातेवाईक मात्र म्हणायचे, पोरगी बापावर गेली आहे, घाबरट, आणि मलाही ते पटायचं.

मग मी त्याच खात्यात इंजिनियर झाले. मंडळाच्या आता कंपन्या झाल्या आहेत. छतावर सोलरच्या प्लेटा लावणाऱ्यांना घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणारं मीटर द्यायचं, ते माझं टेबल. ते मीटर लागल्याशिवाय प्लेटा नुसत्या ऊन खात पडून राहतात. सहा-सात महिन्यांपूर्वी आमचे साहेब म्हणाले, "मैडम, अभी थोड़ा धीरे। मीटर नहीं है बोल दीजिए।" मी काहून म्हणून विचारलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी चहा मागवला आणि समजावलं. कोळशावर वीज बनवणाऱ्या कारखान्यांशी जुने करार आहेत, वीज घेतली नाही तरी त्यांचे पैसे द्यावेच लागतात. "जो पूरा बिल भरता है वही छत पर चला गया, तो हम बेचेंगे किसको?" वरून भोपाळचा फोन होता, कोण्या नेत्याच्या ओळखीतल्या अशाच एका कारखान्यासाठी. लेखी काहीच नव्हतं. आणि मीटरचे खोके माझ्याच खुर्चीमागे रचलेले.

जवळच्या पनागरची एक गिरणीवाली दर सोमवारी यायची. नवरा नाही, पिठाची गिरणी एकटी चालवते, छतावर प्लेटा बसवून घेतलेल्या. मी म्हणायची, मीटर आलं नाही. ती "अच्छा" म्हणायची, पाणी प्यायची आणि जायची. माझ्या जिवाला ते फार लागायचं, पण बदलीची भीतीही होतीच. पोराची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, सगळं इथेच. एका सोमवारी ती उठली आणि माझ्या मागे पाहून अगदी साधेपणाने म्हणाली, "दीदी, फिर वो क्या है जिस पे आपका टिफिन रखा है?"

आई, तिने टोमणा मारला असता तर मी भांडले असते. तिला खरंच माहीत नव्हतं. मी डबा उचलून खाली ठेवला. वरच्या खोक्याची नोंद केली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जीपमध्ये बसून पनागरला गेले. लाइनमन मीटर बसवत होता तोवर ती गिरणीवाली दारात उभीच. चालू झालं तेव्हा तिने गहू टाकला आणि पहिलं पीठ गरम-गरम माझ्या ओंजळीत दिलं. मग मी थांबलेच नाही. खुर्चीमागची सगळी रास संपेपर्यंत एकेक मीटर लावून टाकलं. साहेब म्हणाले, "मैडम, आपने मुझे फँसा दिया।" मी म्हटलं, "सर, लिखके दे दीजिए, मैं रुक जाती हूँ।" त्यांनी लिहून दिलं नाही.

तुझ्या वेळी काही झालं नव्हतं, माझ्या वेळी झालं. मला शहराबाहेर बरगीच्या सबस्टेशनला टाकलं. टेबल नाही, अर्ज नाहीत, नुसती देखभाल. आता रोज तिलवाराचा पूल ओलांडून जाते. सकाळी नर्मदा शांत असते, खिडकीतून पाहत जाते. सबस्टेशनची माणसं चांगली, दुपारी कोणीतरी मासे घेऊन येतं. माझ्या जागी आलेला पोरगा मीटर देऊन राहिला की नाही कळत नाही. मधूनमधून फोन करून विचारते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, उद्या डब्याच्या पिशवीत तसंच राहील. घरी सगळे हळहळतात. नवरा म्हणतो किती अन्याय, सासूबाई साहेबांना शिव्या घालतात, पोरगा म्हणतो मम्मी, केस करो. मी तोंड पाडून ऐकते. आई, ही बदली मला आवडली आहे. अजून कोणाला सांगितलं नाही.