हात रिकामे नाहीत

३ मे

झालं! मुलींच्या वसतिगृहाचं फेसबुक आणि ईमेल माझ्या गळ्यात. ट्रस्टचे अध्यक्ष शेषगिरीराव, निवृत्त वकील, म्हणाले, "लीलाक्का, पेपरात लोकांची टिंगल करायला लाजत नाही, मग लोकांकडे मागायला का लाजता?" काय तर्क!

पण अडचण खरी आहे. कमरीपेठेतली ही इमारत मालकाला विकायची आहे. जूनच्या आत पैसे उभे राहिले तर ती ट्रस्टला देणार. नाहीतर अळणावरकडच्या खेड्यांतून आलेल्या सगळ्या पोरी घरी. घरी म्हणजे कॉलेज संपलं, सोयरीक सुरू.

५ मे

शेषगिरीरावांनी स्वतः लिहिलेला ईमेल सगळ्यांना पाठवला. वर "श्री गजानन प्रसन्न". मग सन्माननीय, दानशूर, विद्याप्रेमी. मुद्दा चौथ्या परिच्छेदात, आणि बँकेचा खाते क्रमांक कुठेच नाही! विचारलं तर म्हणतात, "पहिल्याच पत्रात पैसे? बरं दिसतं का ते?"

उत्तरं आली. गुलाबाची फुलं, शुभ सकाळ.

८ मे

सुमंत म्हणून एकजण, मूळ धारवाडचे, आता बेंगळूरूत मोठ्या हुद्द्यावर. भरघोस रक्कम देतो म्हणाले. अट एकच — प्रत्येक मुलीने हात जोडून, सुमंतांच्या आईचं नाव घेऊन, व्हिडिओत आभार मानायचे. "डोळ्यांत थोडं पाणी असलं तर लोकांना भिडतं हो."

आमच्याकडे दानाच्या आधी नाव येतं. वसतिगृहातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर रंगाने लिहिलेलं कुणीतरी कैलासवासी आहे. उकडलं की पोरी ओरडतात, "गंगाबाई, जोरात फिरा की!" चालतं. पंख्याला कुणी रडायला सांगत नाही.

एका ओळीत नकार कळवला, आणि पोरींनाही सांगून टाकलं.

शेषगिरीराव भडकले. "पाच सेकंद हात जोडले तर झिजतात काय?"

"मग तुमचे जोडून पाठवते!"

फोन कट.

११ मे

रूपाली शिडीवर चढून पंखा पुसत होती. बी.एस्सी.ची पोर, अळणावरजवळच्या खेड्यातली. जिभेला माझ्याहून जास्त धार! डोक्याला फडकं, भुवया चढलेल्या. टिपलाच फोटो. खाते क्रमांक सगळ्यात वर टाकला आणि खाली लिहिलं — "ही रूपाली. ही रडणार नाही, हात जोडणार नाही. हात रिकामे नाहीत. हिला राहून शिकायला जागा हवी आहे. द्यायचे तर द्या."

घ्या, म्हणावं, पाणी डोळ्यांत!

१२ मे

पैसे येतायत!

१४ मे

कुणीतरी माझ्या मजकुराचं कन्नड केलं आणि पोस्ट सुसाट सुटली. दुर्गदबैल बाजारातल्या कापडवाल्यांच्या ग्रुपवर, वकिलांच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या तर विचारूच नका. कोप्पीकर रोडवर एका बाईंनी मला थांबवलं — "त्या पंख्यावाल्या पोरीबद्दल लिहिणाऱ्या तुम्हीच ना?" मी नम्र दिसायचा प्रयत्न केला. जमला नाही.

शेषगिरीरावांचा फोन. "मी म्हणतच होतो." कधी?

१७ मे

सकाळी रूपालीचे वडील दारात. नागोजी. मजुरी करतात. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"अक्का, माझ्या पोरीचं तोंड गावातल्या प्रत्येक मोबाईलात हाय. सोयरीकवाले विचारतात, उलट बोलणारी ती हीच काय? काय सांगू?"

"अहो, मी तिचं कौतुकच केलंय."

"कौतुक तुमच्या पोरीचं करा की! आयतु, पुरे! झालं शिक्षण. नेतो हिला."

मी बरंच बोलले. चांगली वाक्यं होती. एकही लागू पडलं नाही.

रूपालीने पिशवी भरली. दारात वळली. "त्या बेंगळूरूच्या साहेबांनी निदान आधी विचारलं होतं, अक्का."

१८ मे

पोस्ट काढली. फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी जेवढे सापडले तेवढ्यांना काढायला लावला.

शेषगिरीराव हादरले. "ऐन भरात? अजून निम्मेही जमले नाहीत!"

"त्या पोरीला न विचारता तिच्या तोंडावर इमारत घ्यायची नाही. ट्रस्टला चालत नसेल तर मला काढा."

नवी पोस्ट टाकली. शिडीवर मी, हातात फडकं. "ही लीला. आधीचा फोटो हिने न विचारता टाकला होता. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी मागावेत. आता हेच तोंड इथे राहील. बघवत नसेल तर पैसे पाठवा, काढते."

१९ मे

एकाने परत मागितले. दिले. बाकीचे "काढा ते तोंड" म्हणत पाठवतायत! उद्या नागोजींच्या गावाला जायचं ठरवलंय. हाकलून दिलं तरी जायचं.

२० मे

निघतच होते. रूपालीचा फोन, कुणाच्यातरी मोबाईलवरून, कुजबुजत — "येऊ नका अक्का. अप्पांशी मी भांडतेय. तुम्ही पुढच्या वेळी आधी विचारा. बस्स."

पुढच्या वेळी, म्हणाली!