दाराला कुलूप लावल्याचा खुलासा

बोर्गोफोस्को, पो नदीकाठ
२ नोव्हेंबर १९७२

तीर्थरूप क्लेलियामावशीस,
एर्मेतेचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका.

तुझा गुडघा आता कसा आहे? रोमच्या डॉक्टरने दिलेलं मलम लावतेस की नुसतं शेजारणींना दाखवतेस? मी बरा आहे. थोडा खोकला आहे, पण तो धुक्याचा आहे. धुकं मार्चमध्ये जाईल तेव्हा तोही जाईल. आज सकाळी काकांच्या थडग्यावर शेवंती ठेवून आलो. थडगं स्वच्छ आहे. फोटोवरची काच पुसली, तेव्हा काका जरा रागावल्यासारखे वाटले, पण ते फोटोत पहिल्यापासून तसेच आहेत.

तुझं चार शब्दांचं कार्ड काल पोचलं: ‘दाराला कुलूप का लावलंस?’ म्हणजे पोस्टातल्या ओन्दीनाने तुला फोन केलेला दिसतो. (तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तू मला लहानपणी सांगितलं होतंस. ते तुला तिनेच सांगितलं होतं.) थिएटर काकांचं, म्हणजे तुझं. मी नुसता ते चालवणारा. तेव्हा खुलासा मागायचा तुला हक्क आहे, आणि तो मी सविस्तर देतो, कारण गेल्या रविवारी दुपारी जे घडलं त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

आपल्या गावाची सिनेमा बघायची रीत तुला ठाऊकच आहे. खेळ दोनला सुरू होतो आणि माणसं आपापली कामं उरकून येतात. कुणी भांडी घासून, कुणी डुकरांना घालून, कुणी पत्त्यांचा डाव हरून. सिनेमा अर्ध्यावर असतो. बसायचं, शेवट बघायचा, पुढच्या खेळाला तसंच बसून राहायचं, आणि ओळखीचं दृश्य आलं की रांगेतलं कुणीतरी म्हणतं, ‘आपण इथूनच आलो होतो,’ की सगळी रांग टोप्या घालून उठते. काकांच्या काळात हे खपून गेलं. प्रेमाच्या सिनेमात लग्न आधी आणि ओळख नंतर झाली तरी कुणाचं बिघडत नाही, आपल्या गावात निम्मी लग्नं तशीच झाली आहेत. पण हल्ली चार-पाच वर्षं हे पिवळे सिनेमे निघाले आहेत. (तुझ्या उशीखाली पिवळ्या पुठ्ठ्याची खुनाची पुस्तकं असतात ना, ज्यांना तू प्रार्थनेची पुस्तकं म्हणतेस, त्याच जातीचे.) त्यांत एक माणूस काळे हातमोजे घालून हिंडतो. दिसतात ते नुसते हात. ते हात कुणाचे, या एका प्रश्नावर सगळा सिनेमा उभा असतो. शेजारच्या फेरारा शहरात म्हणे बायकांना घेऱ्या येतात, पुरुष घरी जाताना मागे वळून बघतात. आपल्या गावात बायका विणकाम आणतात. कारण गावाला खुनी आधी कळलेला असतो, आणि मग दीड तास सगळे मिळून त्याला सल्ले देतात. ‘अहो डॉक्टर, वस्तरा टेबलावर राहिला!’ असं ओरडून सांगतात. मागे एकदा तो खरंच मागे फिरला आणि त्याने वस्तरा उचलला, तेव्हा टाळ्या पडल्या.

अशा गावात एकच व्यक्ती दोनला पाच कमी असताना येते. अल्चीदे खाटकाची बहीण आर्जिया. नवरा गेल्यावर ती मिलानहून परत आली आणि आता चौकात बटणं, फिती आणि हातमोजे विकते. तिसऱ्या रांगेत बसते, स्वतःचे हातमोजे काढून मांडीवर ठेवते आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पाहते. एकदा मी तिला विचारलं (तिकीट फाडताना काहीतरी बोलावं लागतं), की बाई, एवढी रक्तं बघून तुम्हाला काय मिळतं? ती म्हणाली, ‘रक्त बघताना मी डोळे मिटून घेते. पण दोन तास मला पुढचं काही माहीत नसतं. या गावात मला तेवढंच मिळत नाही.’ मग तिने सांगितलं की तिचं पहिलं लग्न ठरल्याचं तिला पावाच्या दुकानात समजलं, रांगेतल्या चौथ्या बाईकडून. नवऱ्यामुलाने विचारलं ते दोन दिवसांनी, तोवर आईने कापड आणून झालं होतं. तिला ‘हो’ म्हणायला जागाच ठेवली नव्हती कुणी. हे ती हसत सांगत होती, पण मला काही ते हसण्यासारखं वाटलं नाही.

आणि भाऊ अल्चीदे! माणूस मनाने लोणी, आवाजाने लाऊडस्पीकर. सप्टेंबरात एका शनिवारी तो अर्ध्यावर येऊन शेवट बघून गेला होता. रविवारी दोनच्या खेळाला तो पुन्हा आला, आर्जिया तिच्या जागी बसली होती. पहिले हातमोजे पडद्यावर आले तशी तिची मान ताठ झाली. बहीण घाबरली हे बघून याला राहवेना. मागच्या रांगेतून वाकून तो सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजला, ‘घाबरू नको गं, दातांचा डॉक्टर आहे तो!’ आर्जिया उठली आणि निघून गेली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. आपण काय केलं हे त्याला अजून समजलेलं नाही. त्याने तिला दोनदा ताजी काळिजं पाठवली.

म्हणून कुलूप, मावशी. एवढंच कारण. एका बाईला एक सिनेमा तरी ओळीने बघायला मिळावा. नवा पिवळा आला (नावात सात काळी घुबडं होती, सिनेमात एकही नव्हतं), तशी मी दारावर पाटी लावली: खेळ एकच, दोन वाजता, नंतर दार उघडणार नाही. आत जाता येणार नाही म्हटल्यावर सगळं गाव आत जायला आलं. दोनशे चाळीस खुर्च्यांवर तीनशे माणसं बसली. कोण कोण हा पापी सिनेमा बघतं हे टिपायला पाद्रीबाबा नेहमी समोरच्या फुटपाथवर उभे राहतात. त्या दिवशी नीट दिसेना म्हणून ते आत आले. दोनच्या ठोक्याला मी कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेलो.

मावशी, काय सांगू! गाव जन्मात पहिल्यांदा घाबरलं. खुनी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे शेजारी बसलेल्यावरसुद्धा संशय. पहिल्या रिळाला विणकाम थांबलं. दुसऱ्या रिळाला अल्चीदेने पाद्रीबाबांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मार्शलसाहेब (तीस वर्षं पोलिसात, छातीवर दोन पदकं) वर येऊन दार वाजवू लागले की, ‘किल्ली दे, मला अंगणात जायचंय!’ आपली मोरी अंगणात आहे हे माझ्या ध्यानातून गेलं होतं, ती चूक मी मान्य करतो. पण दार उघडलं असतं तर बाहेर थांबलेले वीसजण आत घुसले असते. मी म्हटलं, ‘साहेब, तीनच रिळं राहिलीत.’ ते म्हणाले, ‘माझ्यात एकाचाच दम राहिलाय!’ तरी ते परत जाऊन बसले, कारण खुनी कोण हे त्यांनाही कळायला हवं होतं.

आणि आता हात दाखवून अवलक्षण. खोलीच्या झरोक्यातून तिसरी रांग दिसते. तिसरं रीळ चालू असताना मी दुसऱ्या यंत्रावर पुढचं चढवत होतो, म्हणजे हात चढवत होते, डोळे झरोक्याला होते. आर्जियाने हातमोज्यांची जोडी दोन्ही मुठींत आवळून धरली होती, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मी रिळाच्या डब्यावरचा आकडा वाचला नाही. तिसऱ्यानंतर मी पाचवं, म्हणजे शेवटचं, लावलं. तीनशे माणसं कुलपात कोंडून, मार्शलांना अडवून, जो शेवट फुटू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, तो मी स्वतःच्या हाताने वीस मिनिटं आधी दाखवला. पियानो शिकवणारी ती आंधळी बाई आंधळी नव्हतीच, हातमोजे तिचे, ती घंटाघरावरून पडली आणि मेली. पडद्यावर ‘समाप्त’ आलं. माझ्या हातात चौथं रीळ.

यंत्र थांबवलं असतं तर तीनशे माणसांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं असतं. मी चौथं चढवलं आणि चालू केलं. मेलेली बाई उठून शिकवणीला गेली, आणखी दोघांना मारून आली, आणि मावशी, एकही माणूस काही बोलला नाही! ‘समाप्त’नंतर सिनेमा चालू राहतो हे आपल्या लोकांच्या हाडात मुरलंय. उलट खुनी कळल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, सुया पुन्हा चालू झाल्या, अल्चीदेने पाद्रीबाबांचा हात सोडला आणि पियानोबाईला जिना जपून उतरायला सांगितलं. चौथं संपल्यावर पडदा पांढरा झाला. कुणीतरी म्हणालं, ‘आपण इथूनच आलो होतो,’ आणि गाव टोप्या घालून उठलं. मार्शलसाहेब सर्वांत पुढे होते. इतका नीट समजेल असा सिनेमा बऱ्याच दिवसांनी पाहिला, असं मला जाताना अकराजणांनी सांगितलं. त्यानंतर आर्जियाच्या दुकानातले काळे हातमोजे दोन दिवसांत संपले. अल्चीदे ते घालून मांस कापतो, त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी झालंय.

काय झालं हे फक्त आर्जियाला कळलं होतं. ती वर आली. तिथे काय बोलणं झालं ते महत्त्वाचं नाही, आणि थिएटरशी त्याचा संबंधही नाही. तेव्हा खुलासा इथेच पुरा करतो. जपून राहा, मलम लाव, मुलींना माझे आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक भाचा,
एर्मेते

ता.क. — सहज आठवलं. आजीची लाल खड्याची अंगठी तुझ्याकडे पडून आहे ना? खडा सैल झाला असेल. इकडे एक चांगला सोनार आहे. मला दाखवून ठेवायला हरकत नाही. अकरा तारखेच्या आत दाखवलेली बरी.

ता.ता.क. — सोनार घट्टही करून देतो. बाईच्या साडेसहा नंबरच्या हातमोज्याच्या बोटाला बसेल अशी. हा नंबर मी असाच लिहिला.

ता.ता.ता.क. — मावशी, तू हसते आहेस हे मला दिसतंय. ऐक तर. ती वर आली आणि स्टुलावर बसली. मी खरं ते सांगितलं, की आकडा वाचला नाही कारण तुमच्याकडे बघत होतो. ती म्हणाली, ‘चव्वेचाळीस वर्षांत या गावात मला आधी न कळलेली पहिली गोष्ट म्हणजे तू.’ तोवर ती मला ‘तुम्ही’ म्हणायची. तेवढ्यावर मी विचारून टाकलं. ती म्हणाली, ‘उत्तर सेंट मार्टिनच्या दिवशी. त्या दिवशी सगळं गाव घरं बदलतं, मीही अल्चीदेचं घर सोडणार आहे. एक तर चौक ओलांडून तुझ्याकडे, नाहीतर मिलानला. पण तोवर पावाच्या दुकानात मला कुणी एका शब्दाने जरी काही विचारलं, तर मिलान.’ अकरा तारीख, मावशी. मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. हे लिहितोय ते सांगणं धरू नकोस.

ता.ता.ता.ता.क. — पाकीट चिकटवलं आणि ध्यानात आलं, की ओन्दीना किटलीच्या वाफेवर पाकिटं उघडते. हे पत्र पोस्टात टाकलं तर उद्या पावाच्या दुकानात पोचेल आणि तुला परवा. फोन करावा तर फोनही तिच्याच हातात. म्हणून शनिवारच्या गाडीने मी स्वतः रोमला येतो. अल्चीदेला सांगितलंय की यंत्राचा सुटा भाग आणायचाय. पत्र तुझ्या हातात देईन आणि बाहेर थांबेन. आत आलो तर तू विचारशील, तू विचारलंस तर मी सांगेन, आणि मी सांगताना शेजारीण कान देऊन असेल, तिची बहीण फेरारात असते. तेव्हा वाचून झालं की एक शब्द बोलू नकोस, नुसती अंगठी दे.

ती काय म्हणेल ते मला खरंच ठाऊक नाही. चार रात्री झोप नाही, जेवण जात नाही, पावाच्या दुकानाला वळसा घालून जातो. वीस वर्षं मी लोकांना सिनेमे दाखवले, आणि ही भीती ते तिकीट काढून का विकत घेतात ते आता समजलं. मला ती हवीहवीशी वाटते आणि सोसवतही नाही. मी जिन्यात उभा आहे, मावशी. लवकर वाच.