सरगूरला गेलेल्या आभारपत्रांची हकीकत

मंडी मोहल्ला, मैसूर
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८३७

चिरंजीव मालोजीराव भावजींस अंबुवहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि तुळसी खुशाल आहोत. लेक आता तेरा वर्षांची झाली आणि आपले जुने कारागीर गंगाधरराव ह्यांच्या शेजारी बसून लुगड्याच्या काठावर ठसे मारते. हात स्थिर आहे. तुमची खुशाली मागल्या पत्रातून कळली. त्याबरोबर तुमचा हुकूमही कळला.

लढाईमुळे जर्मनीचे रंगाचे डबे यायचे थांबले, बंगळुरात तुमच्या काहिली कोरड्या पडल्या, तिथे मैसुरात तुमचे काय चालणार, दुकान बंद करून इकडे या, असे तुम्ही लिहिलेत. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मधले बरेच दिवस मी गावात नव्हते. दुकान बंद करीत नाही. परवापासून आपल्या काहिलीत तांबडा रंग उकळतो आहे. तो कसा आला ते सांगते. थोडे लांबेल.

सरगूरचे पुट्टय्या शेट्टी तुम्हाला आठवत असतील. रानातले हिरडे आणि तांबड्या रंगासाठी पतंगाच्या झाडाचे लाकूड आपण त्यांच्याकडून घेत असू. माल पोचला की मी त्यांना कानडीत चार ओळी लिहायची. तुम्ही हसायचात. म्हणायचात, "वहिनी, माल घेतला, पैसे दिले, आता आरती कसली ओवाळता?" पण मी नुसते आभार लिहीत नसे. कोणत्या गाठोड्यातल्या लाकडाचा रंग कसा उतरला, कोणता धुण्यात टिकला, ते लिहून त्या रंगाच्या कापडाची बोटभर चिंधी पत्रात घालीत असे. पुढे जर्मन डबे आले आणि लाकूड घेणे बंद झाले. हिरडा तेवढा येत राहिला, आणि माझी पत्रे जात राहिली.

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते लिहिते. त्या पत्रांखाली सही ह्यांच्या नावाची असे. बाईमाणसाच्या नावाने व्यापाऱ्याला पत्र कसे धाडायचे, म्हणून ह्यांनीच तसे सांगितले होते. तोंडाने मी कधी ह्यांचे नाव घेतले नाही, पण कागदावर शेकडो वेळा लिहिले. हे गेल्यावरही लिहीत राहिले. तीन वर्षे. दुकान बाईच्या हाती आहे असे कळले तर माल देणार नाहीत, ही भीती होती. आणि खरे सांगू का, ते नाव लिहायला मिळे, म्हणूनही.

लाकूड हवे तर ह्या वेळी पत्राने भागणार नव्हते. मी गंगाधररावांना बरोबर घेतले. नंजनगूडपर्यंत आगगाडीने, पुढे बैलगाडीने. वाटेत ते चार वेळा म्हणाले, "अक्का, अजून परत फिरता येईल." मी गाडीवानाला हाकायला सांगितले.

पुट्टय्या शेट्टी वखारीतच होते. साठीचे गृहस्थ, एका डोळ्याने अधू. मैसूरच्या रंगाऱ्यांकडून आलो म्हणताच उठून उभे राहिले आणि आमच्या मागे वाटेकडे पाहू लागले.

"शंभूराव नाही आले?"

गंगाधररावांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "शंभूराव तीन वर्षांमागे प्लेगात गेले." ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले, तेही परक्या माणसासमोर.

"मग संक्रांतीला मला पत्र कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि त्याआधीची?"

"तीही मीच. सही तेवढी त्यांच्या नावाची."

ते खाली बसले. मग म्हणाले, "अक्का, मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं धाडलं. मेलेल्या माणसाला धाडलं. त्याचं वाईट वाटतंय."

"वाटणारच. चूक माझी आहे, मी क्षमा मागते," मी म्हणाले. "पण सही सोडली तर त्या पत्रांत एक अक्षर खोटं नाही."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "दोन डोंगरांचं लाकूड मी वेगळं ठेवायला लागलो ते तुमचं वाचूनच. ज्या बायका रानातून मोळ्या आणतात त्यांना मी तुमच्या चिंध्या दाखवतो. आपल्या लाकडाचं पुढे काय होतं, ते त्यांना दुसरं कोण सांगणार?"

मग त्यांनी सांगितले की ह्या दोन महिन्यांत बाहेरचे चार व्यापारी लाकडासाठी येऊन गेले, भावही चढा देत होते. एकाच्या माणसाने झोकदार छापील कार्ड ठेवले होते. ते त्यांनी मला दाखवले. "ह्यात मागच्या मालाबद्दल आभार मानलेत. मी ह्यांना कधी माल दिलाच नाही. कोण हे?"

भावजी, कार्ड तुमचे होते. मी सांगितले, "माझे धाकटे दीर. कामाला चोख आहेत, लिहायचा कंटाळा आहे."

ते हसले, आणि तिथेच काम झाले. डोंगराकडचे सगळे चांगले लाकूड त्यांनी आपल्याला दिले, पुढच्या सालचेही कबूल केले. अट एकच घातली, की पत्र यायला हवे आणि खाली लिहिणारीचे नाव हवे. पोचल्याचे पत्र मी कालच टाकले.

त्यातली दहा पोती आज रेल्वेने तुमच्याकडे रवाना केली आहेत. लाकूड रात्रभर भिजवून मग मंद आचेवर उकळा, घाई केलीत तर रंग करपेल. चांगला उतरला तर पुट्टय्यांना स्वतःच्या हाताने लिहा. वाईट उतरला तरी लिहा.

इथे पत्र संपवायचे होते. दौत मिटलीही होती. पुन्हा उघडली.

ह्यांना प्लेगाची गाठ आली तेव्हा तुम्ही मला आणि तुळसीला गावाबाहेरच्या त्या झोपडीच्या दारापाशीही येऊ दिले नाहीत. अकरा दिवस तुम्ही एकटे त्यांच्यापाशी होतात. पाणी पाजलेत, अंग पुसलेत, शेवटी चितेला चूडही तुम्हीच दिलीत. आणि महिन्याच्या आत दुकान विकू म्हणालात, त्याचा राग मी असा धरला की त्या अकरा दिवसांबद्दल तुमच्याशी कधी एक शब्द बोलले नाही. परक्यांना वर्षानुवर्षे चार-चार ओळी लिहिल्या. तुम्हाला एक नाही.

ह्यांना शेवटी एकटे वाटले नसेल, ते तुमच्यामुळे. हे लिहायला मला तीन वर्षे लागली. उत्तर नाही धाडलेत तरी चालेल.

तुमची ऋणी वहिनी,
अंबुबाई