सहदेव आमच्या स्वयंपाकघरात

४ ऑगस्ट १९४३, बुध.
वाचनालयात आज बायकांचा वार. ह्यांचं व्याकरणाचं पुस्तक परत करायला गेले. निघताना सासूबाईंनी बजावलं, "काही धार्मिक असलं तर आण, नाहीतर हात हलवत ये." धार्मिकच शोधत होते, खरंच. पण चुकून वैद्यकाचं कपाट उघडलं. मूळव्याधीवरच्या दोन ठोकळ्यांच्या मधे एक बारकं पुस्तक अडकलेलं. 'ओल्या पायांचे ठसे'. लेखक : सहदेव. ना आडनाव, ना गाव. उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि पाय हलेना. शिपाई रामू, कुंडलचा, म्हणाला, "न्या वैनीसाब, लय भारी हाय. पर शेवट आदी बघू नगा." पदराखालून आणलं.

६ ऑगस्ट
संपलं. भात करपला. सासूबाई म्हणाल्या, "कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांकडे असंच व्हायचं." मी म्हटलं, मी तर पोथी वाचत होते. (श्रावण आहे. दुपारी त्या वाती वळतात, मी पोथी वाचून दाखवते. पोथीच्या तांबड्या फडक्यात खाली सहदेव.) पाप लागेल तेव्हा लागेल. खुनी कोण हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला!

११ ऑगस्ट, बुध.
आणखी दोन मिळाली, रामूनं बाजूला काढून ठेवली होती. हा सहदेव फौजदार असणार. किंवा वकील. पण बायकांचं इतकं कुठून कळतं मेल्याला? एक बाई खोटं बोलते तेव्हा पुसलेली परात पुन्हा पुसत राहते. मी तसंच करते. वाचताना कान तापले.

१४ ऑगस्ट, शनि.
'देवघरातला खून' आज संपवलं. नवरात्रात म्हातारे कारभारी देवघरात मरून पडतात. स्वयंपाकीण सांगते, मी इथं दहा वर्षं आहे. फौजदार आमटीत बघतो तर मोहरी. आणि त्या घराच्या कुळाचारात नवरात्रातले नऊ दिवस फोडणीत मोहरी चालत नाही, नुसते जिरे. म्हणजे बाई खोटी, कालपरवा आणून बसवलेली.
अहो, पण हा कुळाचार आमचा आहे! आख्ख्या सांगलीत दुसऱ्या कुणाकडे ऐकला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात मी मोहरी टाकली होती. सासूबाईंनी पातेलंभर आमटी गाईपुढं ठेवली आणि म्हणाल्या, "आपल्या घरातलं आपल्या घरात राहू दे." मी आईलासुद्धा बोलले नाही.
मग ह्या माणसाला कुणी सांगितलं? आमच्या चुलीपाशी कोण येऊन बसलं होतं?

१५ ऑगस्ट
ह्यांच्यावर संशय होता. निबंध तपासतो म्हणून तासन्‌तास माडीवर असतात. जेवताना सहज विचारलं, आपल्याकडे नवरात्रात फोडणीत काय नसतं?
"तेल?" म्हणाले.
सुटले.
साताऱ्याचे मामा (सासूबाईंचे भाऊ) आमच्याकडे नवरात्रात कधीच नसतात. मामंजी जाऊन वर्षं झाली, आणि फोडणीत काय असतं हे त्यांना तरी कुठं ठाऊक असणार. ही गोष्ट पुरुषांच्या कानावर जातच नाही. मग उरलो आम्ही दोघी. त्यातल्या मी तर हे लिहिलेलं नाही.
नाही. शक्यच नाही. त्या बाईला कादंबरी हा शब्दसुद्धा विटाळ वाटतो!

१७ ऑगस्ट, मंगळ.
केलं एकदाचं धाडस. दुपारी पोथी बाजूला ठेवली आणि 'देवघरातला खून' मोठ्यानं वाचायला लागले. सासूबाईंनी मान वर केली नाही. वाती वळताहेत, वळताहेत. वाचनालयाच्या प्रतीत मधलं एक पान कुणी तरी फाडलंय. मी न थांबता पुढं गेले.
"थांब. मधलं पान गेलं की."
आणि ते पान सांगितलं. तोंडपाठ. फौजदार विहिरीपाशी उभा राहून काय म्हणतो, मोलकरीण काय उत्तर देते, सगळं. हातातली वात न मोडता.
मी विचारलं, "आई, तुम्ही?"
"दर दिवाळीला महिनाभर साताऱ्याला जाते ती काय नुसता फराळ करायला? भाऊ छापखान्यात पोचवतो. तो जाणतो, आणि आता तू."
मग म्हणाल्या, "आता पोथी घे. अध्याय अर्धा राहिलाय."
घेतली. काय वाचलं देव जाणे. पाच पुस्तकांत पाच खून केलेत ह्या बाईनं, आणि मी सहा वर्षं त्यांच्या हातचं ताक पितेय.

२० ऑगस्ट, शुक्र.
हे वाचनालयाच्या कमिटीवर. जेवताना सांगत होते, रविवारी बैठक, सगळ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या बाद करून रद्दीत घालायच्या. बायकापोरांची मनं बिघडतात म्हणे. "विशेषतः तो सहदेव. चाबकानं फोडला पाहिजे त्याला."
सासूबाई वाढत होत्या. ह्यांच्या भातावर आणखी एक पळी तूप घातलं. "सावकाश जेव रे."
मला हसू आलं आणि लगेच रडू. आमटी आणायच्या निमित्तानं आत पळाले.

२१ ऑगस्ट
सहदेवाची सगळी पुस्तकं परत मागवली. माझ्याकडचं रामू घेऊन गेला. "वैनीसाब, वाईट झालं बगा," एवढंच म्हणाला. कपाटाला कुलूप, किल्ली ह्यांच्याकडे.
सासूबाईंना विचारलं, तुमच्याकडच्या प्रती? एकही नाही. घरात सापडली तर, म्हणून कधी ठेवलीच नाही. साताऱ्याच्या छापखान्यातल्या संपल्या. लढाईमुळं कागद नाही, पुन्हा कोण छापतंय?
"आई, ह्यांना सांगते मी. स्वतःच्या आईची म्हटल्यावर नाही टाकणार."
"नाही टाकणार," म्हणाल्या. "पण मग सहावं व्हायचं नाही. मुलगा वाचणार म्हटल्यावर मला कुणाला मारवणार नाही."
"मग काय करू?"
"मला नको विचारू. मी सांगितलं तर माझ्यापुरतं सांगीन. वाचणारी तू आहेस, तू ठरव."
आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईनं मला काही तरी ठरवायला दिलं, आणि ते हे!

२२ ऑगस्ट, रवि.
हे आंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहितेय. बैठक नऊला. रात्रभर एकदा ठरवलं सांगायचं, एकदा ठरवलं नाही. पाच लिहून झालेली, ती वाचवू? की अजून न लिहिलेलं एक? त्यात कोण मरणार ते विचारलं मघाशी. हसल्या, आणि सांगितलं नाही. किती राग आला, किती! आणि वाचायचंय मला ते, आज, आत्ता.
मोरीतला तांब्याचा आवाज थांबला. ह्यांचा कोट झटकून ठेवायला घेतलाय. कपाटाची किल्ली खिशातच आहे, हाताला लागतेय.