सात पाने परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल तथा सचिव,
'रात्रीचे आकाश' लेखनस्पर्धा समिती,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : माझे प्रथम पारितोषिक रद्द करून लेखाची मूळ सात पाने माझ्या पत्नीस देण्याबाबत.
संदर्भ : १) आपले निकालपत्र. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

सविनय निवेदन करतो की, मी वजनकाटे दुरुस्त करणारा कारागीर असून आपल्या स्पर्धेत पहिला आलो आहे. तो लेख मी लिहिलेला नाही. खात्री करायची झाल्यास या अर्जाचे अक्षर शेजारी धरून पाहावे.

२. माझ्या बहिणीचे यजमान शिक्षक आहेत. आपली जाहिरात वाचून ते चारचौघांत म्हणाले, "तू काटे दुरुस्त कर बाबा, तारे आमच्यावर सोपव." मला ते झोंबले. लिहायला बसलो, पण 'आकाश निळे असते' यापुढे गाडी सरकेना, आणि विषय रात्रीचा असल्याने तेही चुकीचेच होते.

माझी पत्नी इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळी करते. धुतलेल्या चादरी गच्चीवर वाळत घालणे हे तिचे काम. तिच्या वहीत पहिल्याच पानावर तारे दिसले. मुदत त्याच दिवशी संपत होती. मी सात पाने फाडली, वर माझे नाव घातले आणि आपल्या पेटीत टाकली.

३. निकालानंतर आपण लेखाची छायाप्रत बाहेरच्या फलकावर लावलीत. कामावर जाताना तिने तेथे स्वतःचे अक्षर पाहिले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. "बक्षीस तुम्हालाच लखलाभ. माझी पानं आणून द्या," एवढेच बोलून भावाकडे गेली. आज अकरा दिवस झाले.

४. आपल्या खिडकीवर मी पाच खेपा घातल्या. लिपिक म्हणतात, "नियम नऊ. आलेलं साहित्य परत मिळत नाही. बक्षीस मिळालं नाही म्हणून तक्रार करायचा नमुना आहे, मिळालं म्हणून करायचा नाही." नियम मी पूर्वी वाचले नव्हते. आता तोंडपाठ आहेत.

५. काल ती कपडे न्यायला आली. दारातूनच विचारले, "पाठवण्याआधी वाचलं तरी होतंत का?" मी पहिल्या पानापुढे गेलो नव्हतो. 

ती गेल्यावर घराला कुलूपही न लावता मी आपल्या फलकापाशी आलो आणि सर्व उभ्याने वाचले. सातव्या पानावर परीक्षकांचा शेरा आहे : 'शेवट विषयाला सोडून.' तेथे तिने लिहिले आहे, 'चादरी घालून झाल्या की दहा मिनिटं मोकळी मिळतात. ह्यांना एकदा वर आणून हे दाखवायचंय. विचारायचं रोज ठरवते. पण मी घरी पोचते तेव्हा हे निघालेले असतात.'

महोदय, तिने मला गच्चीवर यायला कधी विचारले नाही, असे आता म्हणता येत नाही.

६. तरी पाने माझ्या हाती देऊ नयेत. ती आल्यास ओळखपत्र, नमुना काही न मागता तिला द्यावीत. नियम मोडल्याचा ठपका माझ्यावर ठेवावा. फलकावरील माझे नाव आजच खोडावे. शिपायांना सवड नसल्यास मी शिडी घेऊन बाहेर उभा आहे.

आपला अपराधी व नम्र,
(सही)
वजनकाटे दुरुस्ती कारागीर
दि. १५

सोबत : १) निकालपत्र. २) पदक. ३) पत्नीची वही (फाटलेल्या कडा जुळवून पाहाव्यात व वही तिलाच द्यावी).